आधी जेवण ठरवा, मग गाव

पत्र : ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो. मी, नवरा, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, शाकाहारी, गुडघे दुखतात. बाकी आम्ही सगळं खातो. दोघांच्याही नोकऱ्या, त्यामुळे महिन्यात एखादाच शनिवार-रविवार हाताशी लागतो. मागच्या वेळी एका रिसॉर्टला गेलो. जाताना अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये गेला. तिथे पोहायचा तलाव आणि बुफे : पनीर, नूडल्स, गुलाबजाम. हे तर आमच्या बिल्डिंगखालीही मिळतं. मला मुलांना त्या त्या गावचं जेवण खाऊ घालायचंय, ते कसं होतं ते दाखवायचंय. नवरा म्हणतो, "पैसे मोजून भाकरीच खायची, तर घरी काय वाईट?" फार लांब न जाता, दोन दिवसांत, खिशाला झेपेल असं काय करता येईल? आणि सासूबाईंना न्यावं की नको?
— एक डोंबिवलीकर

उत्तर :

डोंबिवलीकर, आधी तुमच्या यजमानांचा प्रश्न घेते, कारण तो सुटला नाही तर गाडीच निघायची नाही. घरची भाकरी काही वाईट नाही. पण घरी ती होते कधी? आणि झालीच तर ज्वारीची, नाहीतर थंडीत बाजरीची. तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर रायगडात रोजची भाकरी तांदळाची असते आणि तिची रीतच वेगळी. उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढायची, ती हाताला चटके देत असतानाच मळायची, मग पाण्याचा हात लावत लावत थापायची. पातळ, परातीएवढी, पांढरीशुभ्र. तव्यावर टाकली की वरून पुन्हा पाण्याचा हात, मग उलटायची की टम्म फुगते. थापणाऱ्या बाईला सांगा, आमच्या मुलीला एक गोळा द्या. पोरीच्या भाकरीचा नकाशा होईल. तोच तिच्या ताटात वाढा, एक कण टाकणार नाही. तरीही साहेबांचं समाधान झालं नाही, तर रिसॉर्टचं बिल काढून समोर ठेवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही आधी खोली बघता. फोटो छान, तलाव आहे, एसी आहे, झालं बुकिंग. मग जेवायला जे पुढ्यात येईल ते. पन्नास खोल्यांच्या जागेला दिल्लीपासून चेन्नईपर्यंतचा पाहुणा सांभाळायचा असतो, तिथे पनीरच मिळणार, त्यांचाही इलाज नाही. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करा. आधी पदार्थ ठरवा. तो कुठल्या महिन्यात चांगला मिळतो ते बघा. तो जिथे घरोघरी होतो ते गाव शोधा. खोली सगळ्यात शेवटी. आणि डोंबिवलीकरांचं नशीब असं, की खाली रायगड, मागे मुरबाड-कर्जतचा डोंगरपट्टा आणि खाडीपलीकडे वसई, तिन्ही हाकेच्या अंतरावर.

तुमचं पत्र थंडीच्या तोंडावर आलं आहे, म्हणून पहिली सहल मीच ठरवून टाकते : जानेवारी, अलिबाग तालुका, पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा.

भात कापून झालं की त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर सरता सरता शेंगा भरायला लागतात आणि मग अलिबाग, पेण, रोहा, नागोठणे या सगळ्या पट्ट्यात शेताच्या बांधावर पोपट्या लागायला लागतात. साहित्य म्हणाल तर मातीचं मडकं, वालाच्या कोवळ्या भरलेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा पाला. हा भांबुर्डा त्याच दिवसांत शेताच्या कडेला आपोआप उगवतो, कुणी लावत नाही. काही जण त्याला भामरुड म्हणतात. पाला चुरगाळला की जो उग्र वास येतो, तोच पोपटीचा वास.

तो पाला काढायला मुलांना पोपटी लावणाऱ्या घरच्यांबरोबर पाठवा. तिथूनच सहल सुरू होते. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर शेंगांचा थर, मूठभर मीठ-ओवा, मग मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून बोळा बसवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या, सुका पालापाचोळा रचायचा आणि पेटवून द्यायचं. मडक्याच्या अंगाप्रमाणे अर्धा-पाऊण तास लागतो. शिजलं हे कळतं कसं? जाणता माणूस तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो. चर्र आवाज होऊन थेंब जागच्या जागी उडाले, की काठीने जाळ बाजूला सारायचा. मग मडकं फडक्याने धरून केळीच्या पानांवर पालथं करतात, आणि धुरकट, ओव्याचा, हिरवा वास सगळ्या अंगणात पसरतो. अंडी कवचातच भाजलेली, बटाट्याचं साल आपोआप सुटणारं. पण खरी गोडी शेंगांची. दातांत धरून दाणे ओढायचे, साल टाकायची. कोंबडी संपेल, शेंगा संपेपर्यंत कुणी उठणार नाही.

दुपारी मात्र हलकं जेवा. वाल तो वालच, ओवा कितीही घातला तरी.

आता सावधगिरी. पोपटीचं नाव झाल्यापासून ती बाजारातही आली आहे. मोठ्या ड्रममध्ये किंवा चक्क गॅसवर शिजवलेल्या शेंगा पोपटी म्हणून वाढणारे आहेत. पोपटी करून देणारं घर ठरवताना फोनवर तीनच प्रश्न विचारा : शेंगा कुणाच्या शेतातल्या? पाला भांबुर्ड्याचाच ना? आणि जाळ कुठे लावता, आम्हाला उभं राहून बघता येईल ना? तिन्हीची उत्तरं सरळ आली तर घर बरोबर आहे. "सगळं रेडी मिळेल मॅडम, तुम्ही फक्त जेवायला या" असं आलं, तर फोन ठेवा. आणि हौसेपोटी स्वतःच कुठल्या तरी माळावर जाळ करायला जाऊ नका. त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

जायचं कसं? तुमचा ट्रॅफिकचा राग मला समजतो, आणि शनिवारी सकाळी दहाला घर सोडलंत तर वडखळच्या नाक्यावर तो पुन्हा उफाळेल. पहाटे निघा आणि पेणला न्याहारी करा. गाडीच नको असेल तर दिव्याहून रोह्याकडे जाणारी मेमू रेल्वेगाडी पेणला थांबते, पुढे एसटी किंवा रिक्षा. हौस म्हणून बोटीनेही जाता येईल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट, साधारण तासाभरात. पण डोंबिवलीहून आधी मुंबईत शिरायचं आणि मग समुद्र ओलांडायचा, हे मला जरा द्राविडी प्राणायामच वाटतं. मुलांसाठी एकदा ठीक.

रविवारची सकाळ अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला द्या. हा किल्ला पाण्यात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. इथे तुमच्या आठवीतल्या चिरंजीवांना कामाला लावा. आपल्या किनाऱ्यावर भरतीचं जुनं गणित आहे : तिथीचा पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिच्या साधारण सहा तास आधी, सकाळी नवाला, ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचा कुठलाही रविवार धरा, सकाळच्या वेळी वाट मोकळी सापडेल. कॅलेंडर, गणित आणि मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक, तिन्हींचा मेळ पोराला घालू दे. मोबाइल हातातून काढून घेण्यापेक्षा हे बरं. अर्थात शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या कोळ्याचा. तो "आता परता" म्हणाला की परतायचं, आणखी एक सेल्फी नाही. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. आंग्र्यांचं आरमार इथून हलत होतं. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ते दोन ओळींत येतं, इथे तटावर उभं राहिलं की समुद्रच समोर असतो.

(त्या रविवारी संकष्टी निघाली तर सासूबाईंचा उपास असेल. रताळी सांगून ठेवा.)

दुपारचं जेवण एखाद्या साध्या खानावळीत. फलकावर काय लिहिलंय ते वाचू नका, "आज काय आलंय?" असं विचारा. ताजा जवळा आला असेल तर कांद्यावर परतून, ओले बोंबील असतील तर तळून, बरोबर तीच भाकरी. बारा माशांची यादी वाचून दाखवणाऱ्या हॉटेलात निम्मे मासे बर्फातले असतात.

अलिबागमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेक पर्यटक चुकवतात. गावात इस्रायल आळी आहे आणि तिथे मागेन आबोथ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायल म्हणवणारे हे ज्यू या पट्ट्यात शतकानुशतकं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली : पेणकर, रोहेकर, किहीमकर. इस्रायल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली, थोडी मागे राहिली. त्यांच्याकडे नवस फेडताना मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडाला साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा आणि बरोबर फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, ठिकाण आहे. त्याच्या रथाच्या चाकाची खूण तिथल्या खडकावर उमटली असं ते मानतात, आणि नवस बोलायला-फेडायला तिथे येतात.

हे मुलांना सांगा, आळी दाखवा. पण मलिदा मागायला जाऊ नका. तो विकत मिळत नाही आणि मिळूही नये असं माझं मत आहे. कुणी आपणहून बोलावलं तर जरूर जा. "अस्सल अनुभव" हवा म्हणून लोकांच्या देवघरात डोकावायचं, ही खोड हल्ली वाढली आहे. आणि आळीत जायचं ते रविवारी. शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस.

परतताना पेणला थांबून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्या. गणपतीचे कारखाने रस्त्यालगत आहेत, वर्षभर काम चालू असतं. मुलीला अर्धा तास आत उभं करा, निघायला तयार होणार नाही. पांढरा कांदा मात्र जानेवारीत शोधू नका. अलिबागचा तो गोडसर कांदा भातानंतर लावतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून त्याच्या वेण्या विणून रस्त्याकडेला टांगलेल्या दिसायला लागतात. त्या दिवसांत पुन्हा गेलात तर दोन वेण्या घ्या, स्वयंपाकघरात हवेशीर टांगा.

दुसरी सहल पावसाळ्याची, आणि ती एका दिवसाची आहे. राहायची गरजच नाही.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत. त्या दिवसांत समुद्राकाठी जाऊन ताज्या माशाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कर्जत किंवा मुरबाडच्या बाजूला जा. पहिला पाऊस पडला की ठाकूर-कातकरी बायका डोंगरातून भाज्या घेऊन रस्त्याकडेला बसतात : शेवळं, मग कुर्डू, टाकळा, फोडशी, भारंगी, पुढे करटुली. शेवळं सगळ्यात आधी येतात आणि बघता बघता संपतात. दिसायला जांभळट कोंब, खायला जरा बेरकी. नीट केली नाहीत तर घसा खाजतो. म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर काकडं देते, छोटी हिरवी आंबट फळं. ती घेतल्याशिवाय शेवळं घ्यायची नाहीत. निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. ही जोडी कुणी लावून दिली देव जाणे, पण एकाच वेळी एकाच रानात दोन्ही उगवतात. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत शेवळात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, पडतात आणि मग त्या घरातले लोक इतर कशाला भाजी म्हणायला तयार नसतात.

कर्जत तर तुमच्या मध्य रेल्वेवरच आहे. सकाळची लोकल पकडा, आठवडा बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या, भाजीवालीपाशी निवांत बसा आणि तिच्याकडूनच कृती समजून घ्या. ती बोलेल, फक्त गर्दीच्या वेळी छळू नका आणि वीस रुपयांच्या जुडीसाठी घासाघीस करू नका. ती पहाटे अंधारात डोंगर चढून गेलेली असते. दुपारी एखाद्या बचत गटाकडे किंवा शेतावरच्या घरी जेवण सांगून ठेवा : नाचणीची भाकरी, दोन रानभाज्या, सुक्या जवळ्याची चटणी, सासूबाईंना वरण-भात. ऑगस्टमध्ये कृषी खात्यातर्फे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, तिथेही बऱ्याच भाज्या एका छताखाली बघायला मिळतात. मात्र मुलांना घेऊन स्वतः रानात भाजी खुडायला शिरू नका. सारख्या दिसणाऱ्या पाल्यांतला फरक कळायला ते रान पायाखालचं असावं लागतं.

वसईबद्दल थोडक्यात. दिव्याहून थेट गाडी आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. किल्ला बघा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला तो. मग बाजारात सुकेळी विचारा. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून केलेली, गडद, चिकट, मधासारखी गोड. करणारी घरं कमी होत चालली आहेत, म्हणून दिसली की घ्या. नाताळच्या आसपास गेलात तर गावागावांत येशूजन्माचे गोठे सजलेले दिसतील. तिथल्या ख्रिस्ती घरांचं जेवण चाखायचं असेल तर आधी ठरवून जेवू घालणारं घर शोधा. ऐन सणाच्या दिवशी कुणाच्या दारात उभं राहू नका.

आता सासूबाई. न्याच, यात दुसरा विचारच नको. गुडघ्यांमुळे कुलाबा किल्ल्याच्या पायऱ्या आणि अलिबागजवळच्या चौलच्या दत्ताची टेकडी सोडून द्या. किल्ल्यापर्यंत ओहोटीला घोडागाडी जाते, पण त्यात चढणं-उतरणंही सोपं नाही. त्यापेक्षा त्यांना चौलच्या रामेश्वराला न्या. सपाटीवर देऊळ, पुढ्यात पुष्करिणी, बसायला सावली. पोपटीला त्यांचं मडकं वेगळं सांगा : शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, मिळाले तर करांदे आणि कणगर हे कंदही. "त्याच मडक्यात वरच्या थराला शाकाहारी लावतो" असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा, वाफ एकच असते. बसायला खुर्ची आणि संडास कमोडचा आहे का, हे दोन्ही फोनवरच विचारा, त्यात संकोच कसला.

शिवाय त्यांचा तुम्हाला उपयोगच होईल. तुम्ही चुलीपाशी गेलात तर "शहरातल्या मॅडम आल्या" म्हणून बायका जरा बिचकतात. सासूबाई जाऊन बसल्या आणि "वालाला वाटण काय लावता गो?" म्हणाल्या, की दहा मिनिटांत घरातली सगळी माहिती बाहेर येते. मुलगी तिथेच ऐकत बसेल.

पैशांचं स्पष्ट बोला. माणशी किती, मुलांचं किती, गावठी कोंबडीचे वेगळे का, सगळं आधी. अर्धी रक्कम आगाऊ पाठवा, कारण तुमच्यासाठी मडकी, शेंगा, कोंबडी त्यांना दोन दिवस आधी जमवावी लागते आणि आयत्या वेळी रद्द केलंत तर ते सगळं त्यांच्या अंगावर पडतं. कृषी पर्यटनाचं सरकारी धोरण 2020 साली आलं आहे. नोंदणी आहे का, हे विचारायला हरकत नाही. नसेल तरी नाव लगेच काट मारू नका, कुणी ओळखीचं तिथे जाऊन आलंय का तेवढं बघा. मुलांसाठी नूडल्सची सोय विचारू नका. भूक लागली की खातील, नाहीतर भाकरी, तूप आणि गूळ कुठल्याही घरात असतो.

पोपटीचं मात्र आजच फोन लावायला घ्या. जानेवारीचे शनिवार चार-पाचच, आणि निम्मं डोंबिवली तिकडे निघालेलं असतं.